खापरपणजोबांच्या रोजनिशीवरून घराण्याचा इतिहास कसा लावावा: ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील कुटुंबांसाठी

एकोणिसाव्या शतकात ठाण्याच्या कचेरीत, तुरुंगावर, रेल्वेत किंवा मिठाच्या खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने रोजनिशी लिहिली ती स्वतःच्या सोयीसाठी. कोणाला किती उसने दिले, कोणत्या तिथीला कोण आले, गावी किती पैसे पाठवले, कोणाचे श्राद्ध कधी केले, हे विसरू नये एवढाच त्याचा हेतू असे. आज वंशजाला जे हवे असते, म्हणजे त्याच्या वडिलांचे पूर्ण नाव, मूळ गाव, पत्नीचे माहेर, भावंडांचा क्रम, ते तो बहुधा लिहीतच नाही, कारण त्याला ते ठाऊक असते. अशी वही हाती आल्यावर बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात वंशवृक्षाचा आराखडा काढायला घेतात आणि पुढे वर्षभर तो खोडत बसतात. माझ्या मते क्रम असा असावा: आधी वही सुरक्षित करावी, मग ती वाचावी, मग प्रत्येक नोंदीचा काळ आणि ठिकाण पक्के करावे, त्यानंतरच माणसांकडे वळावे, आणि शेवटी प्रत्येक निष्कर्षासाठी वहीबाहेरचा पुरावा शोधावा. काळ आणि ठिकाण चुकले, तर बाहेरचा पुरावा भलत्याच दप्तरात शोधला जातो आणि तिथे काही सापडले नाही की नोंदच नाही, असा चुकीचा समज होतो.

वही उघडण्यापूर्वी

ठाण्याची हवा खाडीमुळे वर्षभर दमट असते आणि जुन्या कागदाला दमट हवा, कसर आणि वाळवी हे तिन्ही शत्रू एकाच वेळी भेटतात. शक्य असेल तर वहीचे काम पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत करावे. हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोज्यांची गरज नाही, उलट त्यांनी ठिसूळ पानांच्या कडा फाटतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि पाने लॅमिनेट तर कधीच करू नयेत, कारण त्यानंतर तो कागद मूळ स्थितीत आणता येत नाही. एकमेकांना चिकटलेली पाने पात्याने सोडवण्याचा मोह टाळून ती जाणकार संवर्धकाकडे सोपवावीत. डांबराच्या गोळ्या वहीच्या थेट संपर्कात ठेवू नयेत. आम्लरहित कागदात गुंडाळून, वर सुती रुमाल बांधून वही कोरड्या कपाटात आडवी ठेवावी.

त्यानंतर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. कोरी पाने, पुठ्ठ्याची आतली बाजू, समासातील आकडेमोड आणि पानांत अडकवलेल्या चिठ्ठ्याही वगळू नयेत, आणि चिठ्ठी ज्या दोन पानांमध्ये सापडली तिथेच ठेवून तिचे एक छायाचित्र आधी घ्यावे. खिडकीतून तिरपा येणारा दिवसाचा प्रकाश पुरतो. पानांवर क्रमांक घालू नयेत. छायाचित्रांच्या फाइलींनाच क्रमांक द्यावेत आणि पुढच्या सगळ्या टिपणांत तेच क्रमांक वापरावेत. या टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी: हस्ताक्षर कुठे बदलते. अनेक घरांत वडिलांची वही मुलाने पुढे चालवलेली असते, आणि अक्षर जिथे बदलते तिथे आजारपण, बदली किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडलेले असण्याचा दाट संभव असतो.

मोडी वाचणे

वही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असेल तर हा टप्पा लवकर संपेल, परंतु शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांतील खासगी लेखन बहुधा मोडीत असते. मोडीत आधी पानभर शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जातात, शब्दांमध्ये जागा सुटत नाही, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. घरातील एकाने तरी मोडी शिकावी, असा माझा आग्रह आहे. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणे सोपे असते, पण बाहेरच्या जाणकाराला आपल्या घरातली नावे आणि गावे माहीत नसतात, त्यामुळे तो नेमक्या त्याच शब्दांपाशी अडखळतो.

सुरुवात वहीच्या पहिल्या पानापासून करू नये. ज्यांचा मजकूर आधीच अंदाजाने ठाऊक आहे अशा जागा आधी घ्याव्यात: महिन्यांची नावे, वार, रकमा, सणांच्या नोंदी. त्यातून त्या हाताची अक्षरे ओळखीची होतात. संक्षेपांची वेगळी यादी ठेवावी. नावापुढचे ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि स्त्रीच्या नावापुढचे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची पत्नी, हे कळले की कर्जाच्या एका ओळीतूनही दोन पिढ्या हाती येतात. रकमांतील उभ्या रेघा म्हणजे पाव रुपये आणि आडव्या रेघा म्हणजे आणे, एवढे लक्षात ठेवले तर ‘१॥=’ ही आकृती एक रुपया दहा आणे अशी वाचता येते. जो शब्द लागत नाही तिथे चौकट सोडून पुढे जावे. अंदाजाने भरलेला शब्द काही महिन्यांनी आपल्यालाच खरा वाटू लागतो.

काळ पक्का करणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. रोजनिशीतील तारीख क्वचितच इंग्रजी असते आणि असली तरी ती बऱ्याचदा नंतर घातलेली असते. सामान्यतः शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, महिना, पक्ष, तिथी आणि वार एवढे घटक मिळतात. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इंग्रजी साल येते. केवळ ७८ मिळवण्याची सवय लागल्यामुळे पौष, माघ आणि फाल्गुन या महिन्यांतील जन्ममृत्यू सरसकट एक वर्ष मागे ढकलले गेल्याची उदाहरणे छापील कुलवृत्तांतांतही दिसतात.

शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सर उपयोगी पडते. शकात १२ मिळवून ६० ने भागल्यावर जी बाकी उरते, तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजलेला क्रमांक असतो आणि बाकी शून्य आली तर ते साठावे, म्हणजे क्षय संवत्सर. शके १७७५ साठी बाकी ४७ येते, म्हणून ते प्रमादी. शके १८१९ साठी ३१ येते, म्हणून ते हेमलंबी. एकच संवत्सर साठ वर्षांनी परत येते, त्यामुळे शकाचा अर्धवट दिसणारा आकडा आणि संवत्सर यांची सांगड बसली की शंका उरत नाही.

वार हा त्याहूनही चांगला साक्षीदार आहे, पण त्याची जुनी नावे ओळखता आली पाहिजेत. इंदुवार म्हणजे सोमवार, भौमवार म्हणजे मंगळवार, सौम्यवार म्हणजे बुधवार, भृगुवार म्हणजे शुक्रवार आणि मंदवार म्हणजे शनिवार. छापील जंत्रीवरून किंवा संगणकावरील पंचांगावरून तिथी इंग्रजी तारखेत बदलून घ्यावी आणि वार जुळतो का ते पाहावे. समजा, शके १८१९ च्या पौष वद्य ३० या तिथीला मंदवारी खग्रास ग्रहण लागल्याची आणि घरातल्या मंडळींनी खाडीवर स्नान केल्याची नोंद आहे. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागते, तेव्हा तिथी जुळते. पौष असल्यामुळे ७९ मिळवून १८९८ येते. आणि २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी, कोकण किनाऱ्यावरील विजयदुर्गाच्या परिसरातून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, हे खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींतून पक्के आहे. अशी चारही बाजूंनी जुळणारी नोंद सापडली की ती खुंटी मानावी आणि तिच्या मागच्यापुढच्या नोंदी तिच्यावरून मोजाव्यात.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली अधिक मासाची: लिहिणाऱ्याने ‘अधिक’ हा शब्द गाळला असेल तर सगळा महिना तीस दिवसांनी सरकतो, आणि वार जुळेनासा झाला की आधी हाच संशय घ्यावा. दुसरी दिवस कुठे बदलतो याची: आपल्याकडील दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतर जन्मलेले मूल आदल्या वाराखाली नोंदले जाते. घटका दिल्या असतील तर हिशेब सोपा होतो. एक घटका २४ मिनिटांची असल्याने सूर्योदयानंतर ४५ घटका म्हणजे १८ तास, म्हणजे साधारण मध्यरात्र. त्यापुढच्या घटका असतील तर इंग्रजी तारीख एका दिवसाने पुढची धरावी. जन्मपत्रिका आणि शाळेचा दाखला यांत एका दिवसाचा फरक दिसतो त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत ‘खमस अशर मयातैन व अलफ’ अशी अरबी अंकांची मालिका आढळेल. हा शुहूर सन. खमस म्हणजे पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून १२१५. हे वर्ष जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग नक्षत्रावर सुरू होते. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावेत. म्हणजे ही नोंद १८१४-१५ ची ठरते. महसुली कागदांतील फसली सनही मृगावरच सुरू होतो, मात्र त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. दोन्ही सन एकाच कागदावर आले की गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे कोणता सन गृहीत धरला ते लिहून ठेवावे.

तारीख मुळीच नसलेल्या नोंदींसाठी मजकुरातूनच मर्यादा घालता येतात, आणि ठाण्याच्या बाबतीत रेल्वेइतकी उपयुक्त मर्यादा दुसरी नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. खोपोलीपर्यंत गाडीने जाऊन बोरघाट पायी किंवा डोलीने चढलो आणि खंडाळ्याहून पुन्हा गाडी धरली, अशी पुण्याच्या प्रवासाची नोंद असेल तर ती १८५८ ते १८६३ या काळातलीच असली पाहिजे, कारण खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये आणि घाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. अर्ध्या आण्याचे तिकीट १८५४ नंतरचे, पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ नंतरचे आणि टपालाची मनीऑर्डर १८८० नंतरची. मुंबईतील प्लेगाच्या साथीची, गाव सोडून झोपड्यांत राहिल्याची नोंद असेल तर ती १८९६ च्या पावसाळ्याअखेरच्या पुढची.

ठिकाण ठरवणे

रोजनिशीतील ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नाही. एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्हा डहाणूपासून खाली पसरलेला होता. पनवेल भाग त्यात होता आणि १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात गेला. पुढे कर्जतही गेले. १९२० मध्ये साष्टीचा मोठा भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा झाला, कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. वाड्याला किंवा डहाणूला नोकरीवर असलेल्या पूर्वजाचे कागद ठाण्याच्या जुन्या दप्तरात असू शकतात, तर १८८० साली ‘ठाणे जिल्ह्यात’ असलेल्या पनवेलच्या पूर्वजाचे पुढचे कागद अलिबागला शोधावे लागतात. गावाचे नाव सापडले की त्याच्यापुढे तीन रकाने करावेत: नोंदीच्या वर्षीचा तालुका व जिल्हा, १९५० च्या सुमाराचा, आणि आजचा.

नवी मुंबईच्या बाबतीत आणखी सावध राहावे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि शहर ज्या ९५ गावांच्या जमिनींवर उभे राहिले, त्यांतील काही ठाणे तालुक्यातील, तर काही पनवेल व उरण तालुक्यांतील आहेत. आज पत्त्यात ‘सेक्टर’ लिहिणारे कुटुंब मूळचे कोणत्या गावठाणातले हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते, कारण विभागाचे नाव आणि महसुली गावाचे नाव दर वेळी एक नसते. ठाणे शहरात चेंदणी, महागिरी, राबोडी, उथळसर, खारकर आळी, टेंभी नाका ही नावे आजही चालू असल्याने काम सोपे होते. ‘मासुंद्याच्या पाळीवरचे घर’, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठचे घर, अशी नोंद असेल तर नगर भूमापनाच्या जुन्या नकाशावर ते घर कोणत्या पट्ट्यात असेल याचा अंदाज बांधता येतो.

मूळ गाव सरळ लिहिलेले नसते, पण पैशांच्या वाटेने ते सापडते. दर महिन्याला ठरावीक रक्कम कुठे जाते, शिमग्याला किंवा गणपतीला कोणत्या बंदरातून मचवा धरला जातो, आंबे कुठून येतात, सारा कोणत्या गावच्या खोताकडे किंवा तलाठ्याकडे भरला जातो, या नोंदी वेगळ्या काढाव्यात. कुलदेवतेच्या दर्शनाची नोंदही उपयोगी असते, परंतु तिच्यावर जास्त भार टाकू नये. कार्ल्याची एकवीरा आगरी, कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांतील घराण्यांची कुलदेवी आहे, त्यामुळे तिच्या उल्लेखाने शोध फारसा आवळला जात नाही.

माणसे ओळखणे

‘दादा आले’, ‘काकूंस बरे नाही’, ‘चिरंजीवास ताप’, एवढ्याच नोंदी असताना माणसे ओळखायची कशी, हा खरा प्रश्न असतो. प्रत्येक हाकेच्या नावाचे स्वतंत्र पान करावे आणि त्या माणसाच्या सगळ्या नोंदी तारखेसह तिथे उतरवाव्यात. दोन हाकेची नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे ठरवण्याची घाई करू नये. पत्रांच्या मायन्यांकडे विशेष लक्ष द्यावे: ‘तीर्थरूप’ हा मायना स्वतःच्या आईवडिलांसाठी आणि ‘तीर्थस्वरूप’ हा चुलते, मामा, थोरले बंधू अशा वडीलधाऱ्यांसाठी वापरण्याचा प्रघात असल्याने, एका अक्षराच्या फरकावरून वडील आणि चुलते वेगळे काढता येतात. ‘चिरंजीव’ मात्र स्वतःचा मुलगा, पुतण्या, भाचा, अगदी घरी राहून शिकणारा विद्यार्थीही असू शकतो.

स्त्रियांची नावे रोजनिशीत फार थोडी येतात. पत्नीचा उल्लेख ‘कुटुंब’, ‘मंडळी’ किंवा ‘घरात’ असा असतो आणि तिचे नाव लग्नात बदललेले असते. तिचे माहेर शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्या बाळंतपणाच्या नोंदी. ‘कुटुंब पेणेस रवाना’, पुढे काही महिन्यांनी पुत्र झाल्याचे पत्र आणि त्यानंतर बारशासाठी पाठवलेले पैसे, अशी साखळी दिसली तर पेण हे माहेर मानायला चांगला आधार आहे. दिवाळसण, मंगळागौर आणि अधिक मासातील वाण यांच्या खर्चांतून जावई, व्याही आणि लेकींची सासरे सापडतात. काही वर्षांच्या अंतराने ‘कुटुंबा’चे माहेर बदललेले दिसले तर द्वितीय विवाहाची शक्यता तपासावी, त्या काळी बाळंतपणातील मृत्यू आणि लगेचचा दुसरा विवाह ही नित्याची बाब होती. मुलांची आई कोणती, हे ठरवताना म्हणूनच प्रत्येक जन्माची तारीख पुन्हा पाहावी लागते.

सुतकाच्या आणि श्राद्धाच्या नोंदी मी सर्वांत मोलाच्या मानतो, आणि त्यांचा उपयोग फार कमी लोक करतात. ज्याचे सुतक पूर्ण दहा दिवस पाळले तो बहुतेक घरांत एकाच कुळातला, सपिंड नात्यातला असतो; तीन दिवसांचे सुतक दूरच्या भाऊबंदांचे, लग्न झालेल्या लेकीचे किंवा आजोळच्या नात्याचे असू शकते; केवळ स्नान केल्याची नोंद त्याहून लांबच्या नात्याची. समाजागणिक आणि घरागणिक चाली वेगळ्या असल्याने आपल्या घरची रीत आधी विचारून घ्यावी, पण एकाच वहीच्या आत ही मोजपट्टी बरीच सुसंगत राहते. वार्षिक श्राद्धाची तिथी म्हणजे मृत्यूची तिथी. साल मिळाले नाही तरी महिना, पक्ष आणि तिथी मिळते. पितृपक्षात अविधवा नवमीला ज्या स्त्रीचे श्राद्ध होते ती पतीच्या हयातीत वारलेली असते, आणि घातचतुर्दशीला ज्याचे होते त्याचा अंत शस्त्राने किंवा अपघाताने झालेला असतो. भाद्रपद वद्य पक्षाची सगळी वर्षांची पाने एकत्र ठेवून वाचली तर एखाद्या वर्षी नव्याने सुरू झालेले श्राद्ध चटकन डोळ्यांत भरते, आणि त्या व्यक्तीचा मृत्यू बहुधा त्याच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत झालेला असतो.

नावांची पुनरावृत्ती ही शेवटची कसोटी. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाआड एक पिढीत तीच जोडी फिरत राहते आणि ‘विष्णू गणेश’ व ‘गणेश विष्णू’ हे साठ वर्षांच्या अंतराने चार जण असू शकतात. दत्तकविधानाने यात भर पडते: दत्तक गेलेल्या माणसाच्या बापाचे नाव वहीच्या मध्येच बदलते. आडनावे तर त्या काळी सर्वत्र स्थिरावलेलीही नव्हती. म्हणून व्यक्तीची ओळख नावावर न ठेवता नाव, वडील, गाव आणि काळ या चारही गोष्टींवर ठेवावी.

वहीबाहेरचे दप्तर

येथपर्यंत पोचल्यावर हातात नेमके प्रश्न असतात: अमुक गावी, अमुक वर्षाच्या आसपास, अमुक माणूस वारला का, त्याच्या नावे जमीन होती का. असे प्रश्न घेऊनच कचेरीत जावे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती काही गावांसाठी बरीच मागे जाते आणि जुनी पाने मोडीत असतात. फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरच्या असल्या तरी एकोणिसाव्या शतकासाठी त्या अनमोल असतात, कारण रोजनिशी लिहिणारा वारल्यावर वारसांची नावे तिथेच चढतात. त्याच्या जोडीला कडईपत्रक, आकारफोड ही जमिनीची जुनी पत्रके आणि हिस्स्यांचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात पाहावेत. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर चित्ररूपाने पाहता येतात. कचेरीत जाण्यापूर्वी तिथे पाहून सर्व्हे नंबर काढून घ्यावा, कारण केवळ आडनावावरून अर्ज केला तर नक्कल मिळणे कठीण जाते. घराच्या किंवा जमिनीच्या खरेदीची नोंद असेल तर १८६४ च्या नोंदणी कायद्यानंतरचे दस्त दुय्यम निबंधकांच्या जुन्या अनुक्रमणिकांत शोधता येतात. शहरातील मालमत्तेसाठी ठाणे नगरपालिका १८६३ पासूनची आहे, हे लक्षात ठेवावे.

नवी मुंबईतील गावठाणांतल्या कुटुंबांजवळ आणखी एक साधन असते, ज्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही: जमीन संपादित झालेल्या कुटुंबांना सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाची फाइल. भूसंपादनाचा निवाडा, वारस दाखले आणि प्रतिज्ञापत्रावर दिलेली वंशावळ यांतून संपादनाच्या वेळच्या खातेदारापासून आजच्या पिढीपर्यंतची साखळी तयारच मिळते. त्या खातेदारापासून फेरफारांच्या आधारे मागे जावे आणि रोजनिशीपासून पुढे यावे. दोन्ही वाटा जिथे मिळतात ती पिढी सर्वांत काळजीपूर्वक तपासावी. ही वंशावळ हक्कासाठी केलेली असल्याने तिच्यातून निपुत्रिक भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी गळलेल्या असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

वहीत नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या यात्रेची नोंद असेल तर ती संधी सोडू नये. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने नाव, गाव, वडील, आजोबा, भाऊ आणि मुले यांची नावे लिहून दिलेली असतात. या वह्या गाव, आडनाव आणि जात यांनुसार लावलेल्या असतात, म्हणून मूळ गाव ठरल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. रोजनिशीतील यात्रेची तारीख आणि उपाध्यायांच्या वहीतील नोंद जुळली तर एकाच माणसाची दोन हस्ताक्षरे शेजारी ठेवता येतात, आणि याहून भक्कम पुरावा या विषयात क्वचितच मिळतो. ईस्ट इंडियन, म्हणजे या परिसरातील मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हेच काम चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांतून करावे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली (ज्यू) कुटुंबांसाठी ठाण्याचे १८७९ चे सिनेगॉग हे विचारपूस सुरू करण्याचे ठिकाण आहे.

पूर्वज सरकारी नोकर असेल तर मुंबईत काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात महसूल, न्याय आणि इतर खात्यांची दप्तरे पाहता येतात. कनिष्ठ कारकुनाचे नाव छापील याद्यांत येत नाही; त्याच्या साहेबाचे येते. रोजनिशीत मामलेदाराचे किंवा कलेक्टराचे नाव असेल तर आधी त्याचा नेमणुकीचा काळ काढावा, मग त्या काळातील त्या कचेरीचे कागद मागावेत. परिसराच्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे १८८२ मधील ठाण्याचे खंड वाचावेत; त्यांत गावे, बंदरे, मिठागरे, बाजारभाव आणि कारागिरांच्या मजुऱ्या आहेत, त्यामुळे पूर्वजाचा सात-आठ रुपयांचा पगार त्या काळी कितपत होता हे कळते. ठाण्याहून १८६६ पासून निघणाऱ्या ‘अरुणोदय’ या वृत्तपत्राचे अंक आणि स्थानिक ग्रंथ यांच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय हा पहिला पत्ता ठेवावा.

नोंद ठेवणे आणि विसंगती सोडवणे

प्रत्येक निष्कर्षापुढे तो कशावर आधारला आहे ते लिहावे, आणि आधाराची प्रत ठरवावी. लिहिणाऱ्याने स्वतः पाहून त्याच दिवशी लिहिलेले, दुसऱ्याकडून ऐकून लिहिलेले, पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेले आणि आपण तर्काने काढलेले, या चार गोष्टी एकाच रंगाच्या शाईने वंशावळीत जाता कामा नयेत. आजीने सांगितलेली हकिकत आणि रोजनिशी यांत विरोध आला तर रोजनिशीच खरी, असे धरून चालू नये. घरातली अप्रतिष्ठेची गोष्ट लिहिणारा टाळतो आणि आजी नेमकी तीच सांगते. कर्ज, भाऊबंदकीचा दावा, घर सोडून गेलेला भाऊ या बाबतींत तोंडी परंपरा अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र साल आणि वय या बाबतींत ती जवळजवळ नेहमी डळमळीत असते.

जिवंत व्यक्तींचे जन्मदिनांक, दत्तकविधाने आणि मालमत्तेचे तपशील समूहावर किंवा सार्वजनिक संकेतस्थळावर टाकू नयेत. जमिनीच्या दाव्यासाठी किंवा जातप्रमाणपत्रासाठी वहीचा उपयोग करायचा असेल तर मूळ पानावर एक रेघही न ओढता ती वकिलाला किंवा संबंधित समितीला दाखवावी, आणि आपण केलेले लिप्यंतर वेगळे ठेवावे. लिप्यंतराची एक प्रत भाऊबंदांच्या प्रत्येक शाखेला द्यावी आणि तिच्यात न लागलेल्या शब्दांच्या चौकटी तशाच रिकाम्या ठेवाव्यात, कारण ज्या शाखेकडे गावचे घर राहिले आहे, तिथल्या कोणाला तरी त्यातले एखादे हाकेचे नाव किंवा शेताचे नाव ओळखीचे असू शकते.